वेस्टावरचा काळा कातळ

२०२५च्या एप्रिलमधल्या शेवटच्या शनिवारी, अमावास्येच्या आदल्या रात्री, मी माझ्या भाचीला घेऊन वांगणीला गेलो होतो. ती ऐरोलीला राहते. आठवीची परीक्षा आटोपून ती सुट्टीला आमच्याकडे ठाण्याला आली होती, आणि "तुला लघुग्रह दाखवीन" हा माझा शब्द दोन वर्षं तसाच पडून होता. बदलापूर मागे पडलं की आकाशाचा नारिंगी रंग ओसरतो, म्हणून ठाणे-मुंबईची आकाश बघणारी मंडळी कित्येक वर्षं कर्जत लोकल पकडून वांगणीला उतरतात. रात्री अकराच्या पुढे तूळ रास बऱ्यापैकी वर आली. हातातल्या नकाशाशी तारे जुळवत मी दुर्बीण एका जागी आणली आणि तिच्याकडे दिली. पाच-सहा ठिपके. त्यातला एक वेस्टा.

ती खूप वेळ बघत होती. मग दुर्बीण खाली करून म्हणाली, "मामा, हा एवढाच? म्हणजे शेवटी दगडच ना?"

दगडच. तिचं काही चुकलं नाही. पण कोणता दगड? वेस्टा सापडल्यापासून या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत दीडशेहून अधिक वर्षं गेली, आणि ते उत्तर ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या कुणालाही हातात धरून बघता येतं.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी तिला खडीचा एक तुकडा दिला. आमच्या सोसायटीत गटाराचं काम चाललं होतं, त्यासाठी टाकलेल्या ढिगातला. नुकतीच फुटलेली बाजू उन्हात धरायची आणि भिंगातून बघायचं. काळ्या-करड्या रंगात आधी काहीच दिसत नाही. तुकडा जरा तिरका केला की बारीक बारीक पांढरट काड्या एकदम चमकून जातात, काचेच्या भुग्यासारख्या. ते फेल्डस्पार नावाचं खनिज, त्यातही प्लॅजिओक्लेज या जातीचं. काड्यांच्या मधली काळपट-हिरवट भर म्हणजे पायरॉक्सीन. एका कडेला मसुराएवढं गोल भोक होतं. लाव्हा वाहता असताना आत अडकलेला वायूचा बुडबुडा तिथे होता, तो गेला आणि त्याची जागा राहिली.

हा बेसॉल्ट, आपला काळा कातळ. येऊरचे डोंगर याचेच. कळव्याहून पुढे गेल्यावर फास्ट लोकल पूर्वी पारसिकच्या ज्या बोगद्यात शिरायची तो याच कातळात खणलेला, आणि विमानतळासाठी उलव्याची जी टेकडी सुरुंग लावून उतरवली तीही याचीच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरांवर थर पसरत गेला आणि निवून दख्खनचं पठार झाला. सह्याद्रीत डोंगराच्या कड्यावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या.

वेस्टाच्या पृष्ठभागावर मुख्यतः हाच दगड आहे. तीच दोन खनिजं, प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन.

हे वाचून पटकन पुढे जाऊ नका, कारण यात मोठी अडचण दडलेली आहे. वाळू साचून वालुकाश्म होतो, त्याला आगीची गरज नसते. बेसॉल्टचं तसं नाही. त्याच्यासाठी आधी खडक आतून वितळावा लागतो, त्याचा शिलारस व्हावा लागतो आणि तो वर येऊन थंड व्हावा लागतो. पृथ्वीच्या पोटात तेवढी उष्णता आहे, कारण पृथ्वी प्रचंड मोठी आहे. वेस्टाचा सरासरी व्यास ५२५ किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून अमरावती सरळ रेषेत जितकी दूर, साधारण तेवढाच. एवढ्याशा गोळ्यात, अवकाशाच्या त्या थंडीत, लाव्हा आला कुठून?

उत्तराकडे जाण्याआधी वेस्टाची थोडी ओळख करून देतो. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या मधे लघुग्रहांचा मुख्य पट्टा आहे. सिनेमात यान दगड चुकवत चुकवत जातं तसं तिथे काही नसतं. दोन लघुग्रहांमध्ये साधारणपणे लाखो किलोमीटरची मोकळी जागा असते, आणि अनेक यानं तो पट्टा निर्धास्तपणे ओलांडून गेली आहेत. पट्ट्यातलं सगळं द्रव्य गोळा केलं तरी ते आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्केच भरतं. त्यातला तिसऱ्या भागाहून अधिक वाटा एकट्या सेरेसचा, जो आता बटुग्रह मानला जातो. त्याच्या खालोखाल वस्तुमान वेस्टाचं, पट्ट्याच्या साधारण ९ टक्के. तो ५ तास २० मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो आणि सुमारे ३.६ वर्षांत सूर्याभोवती. त्याचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर पावणेतीन महाराष्ट्र त्यात बसतील. गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढं. बांधकामावरची ५० किलोची सिमेंटची गोणी तिथे हाताला सव्वा किलोची लागेल.

तो शोधला हाइनरिश ओल्बर्स यांनी, २९ मार्च १८०७ रोजी, जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात. ओल्बर्स पेशाने डॉक्टर होते. दिवसा रुग्ण तपासायचे आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावरून आकाश बघायचे. त्याआधी सेरेस (१८०१), पॅलास (१८०२) आणि जुनो (१८०४) सापडले होते, त्यातला पॅलास खुद्द ओल्बर्सनीच शोधलेला. एकाच भागात इतके छोटे ग्रह कसे, याचा विचार करून त्यांनी असा अंदाज बांधला की तिथे पूर्वी एक मोठा ग्रह असावा आणि तो फुटून हे तुकडे झाले असावेत. तुकडेच असतील तर आणखीही सापडतील, म्हणून ते शोधत राहिले आणि वेस्टा मिळाला. संपूर्ण पट्ट्यापुरता तो अंदाज पुढे चुकीचा ठरला. चंद्राच्या तीन-चार टक्के द्रव्यातून मोठा ग्रह काय होणार? गुरूच्या ओढीमुळे तिथले दगड एकमेकांवर इतक्या वेगाने आदळू लागले की जुळून येण्यापेक्षा फुटणंच जास्त झालं, आणि ग्रह मुळात तयारच होऊ शकला नाही. तरी ओल्बर्सचा हा अंदाज लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

वेस्टाला नाव दिलं गणितज्ञ गाउस यांनी. वेस्टा ही रोमन लोकांची घरातल्या चुलीची देवता. या गोळ्याच्या पोटात कधीकाळी खरोखरच चूल पेटली होती, हे गाउसना कळण्याची काही सोयच नव्हती.

आता त्या चुलीचं जळण. सूर्यमाला तयार झाली सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी. ज्या वायू आणि धुळीच्या ढगातून ती झाली त्यात अ‍ॅल्युमिनियमचा एक किरणोत्सारी प्रकार मिसळलेला होता, अ‍ॅल्युमिनियम-२६. आपल्या कढईतलं अ‍ॅल्युमिनियम २७ वजनाचं, ते कायम टिकतं. २६ वजनाचं टिकत नाही. ते आपोआप मॅग्नेशियम-२६ मध्ये बदलतं आणि बदलताना उष्णता सोडतं. दर सात लाख वर्षांनी त्यातलं निम्मं संपतं, उरलेल्यातलं निम्मं पुढच्या सात लाखांत, असं चालत राहतं. सात लाख वर्षं आपल्याला अफाट वाटतात, पण सूर्यमालेच्या वयापुढे ती काहीच नाहीत. पहिल्या पन्नास-साठ लाख वर्षांत हे जळण जवळजवळ संपून गेलं.

म्हणजे जो गोळा लवकर तयार झाला त्याच्या वाट्याला भरपूर जळण आलं, आणि जो उशिरा झाला त्याला थंड राख मिळाली. वेस्टा लवकर झालेल्यांपैकी. त्यात दुसरी गोष्ट आकाराची. ताटात पसरलेला भात दहा मिनिटांत निवतो, कुकरमध्ये तसाच ठेवलेला दोन तासांनीही आतून गरम असतो. बारक्या दगडात तयार झालेली उष्णता पृष्ठभागावरून उडून जाते. पाचशे किलोमीटरच्या गोळ्यातून ती इतक्या झटपट बाहेर पडू शकत नाही, आत साठत जाते, आणि दगड वितळतो.

हे सगळं गणिताने पटतं, पण पुरावा कुठे? जळण तर साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीच संपलं. इथे मला मुलुंड-भांडुपच्या खाडीकाठची मिठागरं आठवतात. उन्हाने पाणी आटून जातं, पण वाफ्यात पांढरं मीठ राहतं. ते मीठ बघून, इथे खाडीचं पाणी होतं, हे न बघताही सांगता येतं. अ‍ॅल्युमिनियम-२६ चं मीठ म्हणजे मॅग्नेशियम-२६. ज्या खनिजात अ‍ॅल्युमिनियम भरपूर आणि मॅग्नेशियम मुळातच नगण्य, त्यात मॅग्नेशियम-२६ प्रमाणाबाहेर सापडलं, तर ते अ‍ॅल्युमिनियमपासूनच आलेलं असणार. असं खनिज कोणतं? प्लॅजिओक्लेज. खडीतल्या त्या पांढऱ्या काड्या.

आणि हा पुरावा सापडला भारतात. जून १९९६ मध्ये राजस्थानच्या पाली जिल्ह्यात पिपलिया कलां या गावाजवळ एक अशनी पडला. (आकाशात जळताना दिसते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी.) तो युक्राइट जातीचा निघाला. युक्राइट म्हणजे अवकाशातून आलेला बेसॉल्टच. वरून चकचकीत काळा लेप असतो, जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ, वातावरणातून येताना दगडाची कातडी वितळल्यामुळे झालेला. फोडला तर आतून फिकट राखाडी. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या जी. श्रीनिवासन, जे. एन. गोस्वामी आणि एन. भंडारी या शास्त्रज्ञांनी त्यातलं प्लॅजिओक्लेज तपासलं, आणि त्यात जास्तीचं मॅग्नेशियम-२६ मिळालं. १९९९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. लघुग्रह वितळवणारी चूल अ‍ॅल्युमिनियम-२६ वर पेटली होती, याला त्यामुळे प्रत्यक्ष दगडातला भक्कम आधार मिळाला. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. ४५६ कोटी वर्षांपूर्वीच्या आगीची खूण राजस्थानातल्या एका गावाजवळ पडावी, ती आपल्या लोकांनी उचलावी, आणि आपल्याच प्रयोगशाळेत तिचा अर्थ लागावा! शाळेच्या पुस्तकात हे ठळक अक्षरांत यायला हवं.

आता कुणीही रास्त शंका काढेल की पिपलिया कलांचा दगड वेस्टावरूनच आला कशावरून? त्याच्यावर कुणी पत्ता लिहिलेला नव्हता.

पत्ता चार ठिकाणांहून जुळवला गेला. पहिला धागा प्रकाशाचा. प्रत्येक खनिज सूर्यप्रकाशातले ठरावीक रंग गिळतं आणि बाकीचे परत पाठवतं. पायरॉक्सीन अवरक्त प्रकाशाच्या दोन पट्ट्यांत ठळक खड्डे पाडतं. १९७० मध्ये टॉमस मॅककॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेस्टाच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि तो प्रयोगशाळेतल्या युक्राइटच्या वर्णपटाशी ताडून बघितला. दोन्ही जुळले. मोठ्या लघुग्रहांमध्ये असा जुळणारा हाच एक.

तरी एक अडचण उरली. वेस्टाची कक्षा अशा जागी आहे की तिथून निघालेला दगड सहजासहजी पृथ्वीकडे येत नाही. त्याला आधी एक विशिष्ट वाट गाठावी लागते. ही वाट समजायला सकाळी मासुंदा तलावावर या. समजा एक आजोबा बाहेरच्या कडेने सावकाश एक फेरी मारतात, तेवढ्या वेळात एक मुलगा आतून पळत तीन फेऱ्या मारतो. दोघांची गाठ दर वेळी तलावाच्या त्याच दोन कोपऱ्यांवर पडेल. आता आजोबा भेटले की मुलाला हलकासा धक्का देतात असं धरा. धक्का दर वेळी त्याच जागी बसत गेला तर मुलाची वाट हळूहळू वाकडी होणार. गुरू हे आजोबा. गुरूच्या एका फेरीत बरोबर तीन फेऱ्या मारणारी जी कक्षा आहे, तिथे लघुग्रह जवळजवळ सापडतच नाहीत, कारण गुरूने तिथले सगळे भिरकावून दिलेले आहेत. ही रिकामी जागा डॅनियल कर्कवुड यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिली होती. वेस्टावरून उडालेला दगड या फटीत पोचला तरच तो पृथ्वीच्या दिशेने फेकला जाऊ शकतो. पण वेस्टापासून फटीपर्यंत पोचायचं कसं? १९९३ मध्ये रिचर्ड बिन्झेल आणि शुइ शू यांनी वेस्टाच्याच वर्णपटाचे छोटे लघुग्रह शोधून काढले, काही किलोमीटरचे, वेस्टाच्या कक्षेपासून थेट त्या फटीपर्यंत विखुरलेले. फुटक्या गोणीतून गहू सांडत जावा तशी वाट दिसली.

तिसरा धागा ऑक्सिजनचा. ऑक्सिजनच्या तीन प्रकारांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक ग्रहाचं आणि लघुग्रहाचं आपापलं असतं. माणसाने दोन वाक्यं बोलली की तो आगरी पट्ट्यातला की वऱ्हाडातला हे कळतं, तसंच हे. युक्राइट आणि त्याच्या जोडीचे होवार्डाइट व डायोजेनाइट या अशनींची 'बोली' एक आहे, आणि ती पृथ्वी, चंद्र, मंगळ यांच्यापेक्षा वेगळी आहे. डायोजेनाइट खोलवर सावकाश गोठलेला, युक्राइट वर लाव्हा होऊन आलेला, आणि होवार्डाइट म्हणजे आघातांनी दोघांचा चुरा होऊन पुन्हा चिकटलेला. जोधपूरच्या बाजूला लोहावत इथे १९९४ मध्ये पडलेला अशनी होवार्डाइट होता. पडताना पाहिल्या गेलेल्या शंभर अशनींपैकी पाच-सहा या घराण्यातले असतात.

चौथा धागा म्हणजे जखम. इतके तुकडे उडाले असतील तर वेस्टाला तेवढं मोठं खिंडार पडलेलं असायला हवं. ते १९९६ मध्ये हबल दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांत दिसलं, आणि जवळून दाखवलं डॉन या यानाने.

डॉन २००७च्या सप्टेंबरमध्ये निघालं आणि जुलै २०११ मध्ये वेस्टाभोवती फिरू लागलं. त्याचं इंजिन झेनॉन वायूचे विद्युतभारित कण मागे फेकून ढकलायचं. तो रेटा इतका हलका, जणू तळहातावर ठेवलेला एक कागद. फक्त तो महिनोन् महिने चालू राहायचा, आणि अशा रेट्यावर ते वेस्टा बघून पुढे सेरेसलाही गेलं. पृथ्वी सोडून दोन वेगवेगळ्या गोलांभोवती फिरलेलं ते पहिलं यान.

त्याने दाखवलेलं खिंडार डोळ्यांपुढे आणायला लोणारपासून सुरुवात करू. लोणारचं विवर काळ्या कातळात आघाताने झालेलं आहे आणि साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहिलं की पलीकडची झाडं ठिपक्यांएवढी दिसतात. वेस्टाच्या दक्षिण ध्रुवावरचं विवर, ऱ्हीआसिल्व्हिया, सुमारे ५०० किलोमीटर रुंद आहे. पाचशे किलोमीटर, आणि मुळात गोळा सव्वापाचशेचा! जवळजवळ एक अख्खी बाजू उखडली गेली. म्हणूनच वेस्टा गोल नाही. ध्रुवापासून ध्रुवापर्यंत मोजला तर तो ४४६ किलोमीटर भरतो, म्हणजे अमरावतीची वाट अकोल्यालाच संपते. आघातानंतर विवराचा तळ उसळी खाऊन मधोमध वर आला आणि तिथेच गोठला. तो डोंगर वीस किलोमीटरहून उंच आहे. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, अशी बारा-तेरा एकावर एक ठेवली की तिथवर पोचतील. धक्का एवढा होता की वेस्टाच्या विषुववृत्ताभोवती लांबच लांब खोल चर पडले. हे घडलं सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी. त्याच्याखाली आणखी एक जुनं, सुमारे ४०० किलोमीटरचं विवर अर्धवट पुसलेलं आहे.

इथे एक शंका माझ्या भाचीनेच काढली, आणि ती चांगली आहे. दगड काळा, तर वेस्टा इतका उजळ कसा? चंद्र त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्के परत पाठवतो, वेस्टा ४० टक्क्यांहून अधिक. मुख्य पट्ट्यातला सर्वांत तेजस्वी लघुग्रह तोच. याचं अर्धं उत्तर खडीच्या क्रशरजवळ मिळतं. दगड काळा असतो, पण आजूबाजूच्या झाडांच्या पानांवर बसलेली धूळ फिकट राखाडी असते. चुरा जितका बारीक तितका त्यातून प्रकाश जास्त विखुरतो. वेस्टाही आघातांच्या चुऱ्याने झाकलेला आहे. उरलेलं अर्धं असं की त्याच्या खनिजांत काळेपणा आणणारे घटक आपल्या कातळापेक्षा कमी आहेत. डॉनला काही ठिकाणी गडद डागही दिसले. ते कार्बनयुक्त लघुग्रह येऊन आदळल्याच्या खुणा आहेत, म्हणजे वेस्टाचा स्वतःचा माल नव्हे.

इथवरची गोष्ट छान जुळून येते. आता जिथे ती जुळत नाही तिथे येऊ.

लोणी कढवताना बेरी तळाला बसते आणि तूप वर येतं. दगडाचा गोळा पूर्ण वितळला की त्यातही तसंच होतं. लोखंड जड, ते मध्यभागी जातं. त्यावर जड खनिजांचं प्रावरण, सगळ्यात वर हलक्या लाव्हाचं कवच. पृथ्वीचं असंच झालं. वेस्टाचंही असंच झालं असणार, असं अनेक वर्षं मानलं जात होतं, आणि डॉनच्या पहिल्या मोजमापांवरून त्याच्या लोखंडी गाभ्याची त्रिज्या सुमारे ११० किलोमीटर सांगितली गेली होती. म्हणून वेस्टाला अर्ध्यात राहिलेला ग्रह म्हटलं जायचं. ग्रह होण्याच्या सगळ्या पायऱ्या चढलेला, फक्त वाढ खुंटलेला.

पण वांगणीला आम्ही त्याला बघत होतो त्याच एप्रिल महिन्यात एक नवीन संशोधन प्रसिद्ध झालं. रायन पार्क आणि सहकाऱ्यांनी डॉनची जुनी मापं नव्याने, अधिक बारकाईने तपासली. नारळवाला नारळ कानाशी धरून हलवतो आणि न फोडता आतलं सांगतो. इथे वेस्टाच्या फिरण्यातला अगदी बारीक डगमग आणि त्याचं गुरुत्वाकर्षण यांवरून आतलं वजन मध्याशी किती एकवटलंय हे काढलं. निष्कर्ष असा आला की वजन मध्याशी फारसं एकवटलेलंच नाही. लोखंडी गाभा असलाच तर लहान आहे. बेरी तळाला बसलेली दिसत नाही.

आणि तूप तर वर दिसतंय! पृष्ठभाग बेसॉल्टचा आहे, अशनी हातात आहेत, आणि त्या अशनींत लोखंडासोबत खाली जाणारी मूलद्रव्यं कमी आहेत. म्हणजे कुठेतरी लोखंड वेगळं झालं होतं, एवढं नक्की. मग ते गेलं कुठे?

संशोधकांनी दोन शक्यता मांडल्या. एक अशी की वेस्टा वितळायला लागला, पण त्याचं जळण पुरलं नाही आणि काम अर्ध्यात राहिलं. दुसरी अशी की वेस्टा हा मुळात स्वतंत्र गोळा नसून, वितळून थर लागलेल्या एका मोठ्या पिंडाचा तुकडा आहे. तो पिंड दुसऱ्या कुणाशी तरी आदळून फुटला, त्याचं कवच आणि प्रावरण यांचे तुकडे पुन्हा जुळले, आणि लोखंड दुसरीकडे गेलं. ही दुसरी शक्यता वाचताना मला ब्रेमेनचे ते डॉक्टर आठवले. फुटलेल्या ग्रहाचे तुकडे, हेच ते म्हणत होते. सगळ्या पट्ट्याबद्दल ते चुकले, पण स्वतः शोधलेल्या या एका ठिपक्याबद्दल त्यांच्या म्हणण्यातलं काहीतरी दोनशे वर्षांनी पुन्हा चर्चेत आलं आहे. मला स्वतःला दुसरी शक्यता जास्त पटते, कारण अशनींमधला तो पुरावा तिच्यात नीट बसतो. पण अजून निकाल लागलेला नाही, आणि वेस्टावर पुन्हा यान गेल्याशिवाय तो लागणं अवघड दिसतं.

ज्यांना वेस्टा स्वतः बघायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. साधारण दर सोळा-सतरा महिन्यांनी तो सूर्याच्या बरोबर समोर येतो आणि तेव्हा सगळ्यात उजळ दिसतो. अगदी अंधाऱ्या जागेवरून तो कधीकधी नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो, आपल्याकडे मात्र साधी १०×५० ची दुर्बीण हवी. एका रात्रीत काही सिद्ध होत नाही, कारण तो ताऱ्यासारखाच दिसतो. कागदावर आजूबाजूच्या ताऱ्यांसकट सगळे ठिपके जपून काढायचे आणि तीन-चार दिवसांनी तोच भाग पुन्हा बघायचा. जो सरकला तो वेस्टा. ओल्बर्सच्या काळीही ओळख अशीच पटवत.

भाचीने शनिवारी वांगणीला असा कागद केला होता. बुधवारी रात्री आम्ही आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. घोडबंदर रोडकडच्या दिव्यांनी आकाश धुरकट होतं, अर्धे ठिपके दिसतच नव्हते. दुर्बीण कठड्यावर टेकवून तिने वीस मिनिटं घेतली. मग मोबाइलच्या लाल उजेडात कागदावर वाकली आणि एक नवा ठिपका काढला, शनिवारच्या ठिपक्यापासून पश्चिमेला, मधे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढ्या अंतरावर. सुमारे सतरा कोटी किलोमीटरवरचा तो दगड चार दिवसांत तेवढा सरकलेला दिसत होता. तिने दोन ठिपक्यांमध्ये बाण काढला आणि शेजारी लिहिलं, '३० एप्रिल, रात्री ११.४०'. खाडीकडून वारा सुटला होता. कागद उडायला लागला तेव्हा तिने खिशातून खडीचा तो तुकडा काढला आणि कागदावर ठेवला.